विहिरीची ओटी

“बार हाय… बार… सरका, मायबापहो, सरका…”

हा जयमालाच्या बापाचा आवाज. हणमंता धोत्रे विहिरी खोदायचा. खडकात भोकं पाडून त्यात दारू ठासायचा, वात पेटवली की शिडीवरनं भराभरा वर यायचा आणि शिवाराच्या चारी अंगांना तोंड करून हाक द्यायचा. हाक कसली, गाणंच ते. शेवटचा ‘सरका’ असा लांबवायचा की त्यावर पाळण्यातलं पोर निजावं. मग सगळं थांबायचं. दगडांच्या ढिगाआड आईच्या पोटाशी दडलेली जयमाला कान फुटू नयेत म्हणून तोंड उघडं ठेवून वाट बघायची. हाक संपलेली असायची आणि बार अजून उडायचा असायचा. त्या मधल्या वेळात माणसं एकमेकांकडे बघायची नाहीत. काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि बोलायचं कुणी नाही.

बाप जाऊन कितीतरी उन्हाळे लोटले. आता विहिरी खोदणारं कुणी उरलं नाही, कारण खोदून लागावं इतक्या वर पाणीच उरलं नाही. पण गेली दोन वर्षं जयमालाला वाटत होतं की आपण त्या मधल्या वेळातच घर करून राहिलो आहोत.

शेलखोरी हे बालाघाटाच्या उतरणीवरचं गाव. वर बोडका माळ, खाली काळ्या दगडाची घळ, मध्ये शंभराच्या आतबाहेर उंबरे. गावाच्या कडेला पत्र्याची एक लांब खोली होती, तिच्यावर निळ्या रंगात ‘जलशाळा’ असं लिहिलेलं. जयमाला तिथली मुख्य शिक्षिका. खोऱ्यातल्या गावांना आपलं पाणी आपण राखायला शिकवायचं, हे तिचं काम. शिकणाऱ्या बहुतेक बायाच. गडीमाणसं पहिले चार दिवस आली, खुर्चीवर बसायला मिळत नाही म्हणून गेली.

पहिल्या दिवशी ती बायांना डोळे मिटायला लावायची आणि दोन हातांवर दोन विटा द्यायची, एक कोरडी, एक पाण्यात भिजवलेली.

“भिजलेली कुठली?”

“ही जड हाय, ही.”

“बघितली का उघडून?”

“बघायचं काय त्यात. हाताला कळतंय की.”

“मग जमिनीचंही तसंच,” जयमाला सांगायची. “धरती आपल्याला खाली ओढते. पायाखालच्या खडकाच्या फटींत पाणी भरलेलं असलं तर ती तसूभर जास्त ओढते. फटी कोरड्या पडल्या की तसूभर कमी. तो फरक आपल्या हाताला कळत नाही. अणूला कळतो.”

यंत्र दुधाच्या कॅनएवढं होतं. आत हवा काढून घेतलेली नळी, आणि त्या नळीत रुबिडियम नावाच्या धातूचे चिमूटभर अणू. लेसरचा उजेड चारी बाजूंनी पाडून त्यांना इतकं गार करायचं की सगळी धावपळ विसरून ते एका जागी थबकतात. मग उजेड काढून घ्यायचा. आधार गेला की अणू पडतात, आणि ते किती वेगानं पडले हे दुसऱ्या उजेडानं मोजायचं. त्या पडण्यावरनं खालच्या पाण्याचं वजन कळतं. कधीकाळी असलं यंत्र खोलीभर असायचं आणि त्याच्याभोवती पंडित लोक मोजे घालून फिरायचे. आता ते छबूबाई सानपच्या कमरेवर बसून शिवारात जायचं. सरकारी नाव लांबलचक होतं. बाया त्याला तागडी म्हणायच्या, आणि स्वतःला तोलकरणी.

तागडी नाजूक नव्हती, पण तिचे लाड फार. दर पंधरवड्याला त्याच दगडावर ठेवायची, पाण्याच्या बुडबुड्यावर सपाट करायची, जवळपास गाडी उभी करायची नाही, ढोर बांधायचं नाही. चंद्र डोक्यावर असला तर तो वर ओढतो, तेवढी ओढ वजा करायची. हवेचा दाब बघायचा. आधी शहरातनं माणसं यायची हे करायला. छबूबाई त्यांची नक्कल करायची.

“जीप लावली भाड्यांनी थेट इहिरीच्या काठाला. आन् जीपचंच वजन करून गेले. वर्षभर आमी आपलं बघतोय, कागदावर पाणी, हंड्यात न्हाई.”

म्हणून तर जलशाळा निघाली. छबूबाई तिची पहिली विद्यार्थिनी. साठी ओलांडलेली, बोडकं कपाळ, तोंडाला कुलूप नाही. तिला नियमांचा कागद पाठ होईना, तेव्हा तिनं तो गाण्यात बसवला, आणि मग खोऱ्यातल्या सगळ्या तोलकरणी तेच गात काम करू लागल्या:

*तागडी टेकिली गं काळ्या कातळाच्या वरी*
*वाऱ्या बाई बोलू नको, अणू उतरती घरी*

*चांदाची ओढ सये, आधी वजा गं ती कर*
*मग सांग मला बाई, किती भरलं गं घर*

यंत्र आलं आणि त्यामागून कायदा आला. पाणी तोलता येतंय म्हटल्यावर ते वाटताही येणार, राखताही येणार. कुठल्या गावानं काय पेरायचं, किती उपसायचं, टँकर किती दिवसांआड, सगळं तागडीवर ठरू लागलं. आणि प्रत्येक गावाला एक तळरेषा नेमून दिली गेली. वैशाखातलं वजन लागोपाठ तीन वर्षं त्या रेषेखाली गेलं, तर ते गाव निर्जल ठरायचं. मग टँकर बंद, माणसं कालव्याकाठच्या वसाहतीत. तिथं एका गावाला एक जागा मिळत नसे. निम्मे या टोकाला, निम्मे त्या. शेवटचा शब्द मात्र यंत्राचा नव्हता. गावच्या जलशाळेनं वजन खरं आहे असं म्हणून अंगठा टेकवायचा, मगच ते मान्य. शहरातल्या जिपांचे अनुभव घेऊन सरकार एवढं शहाणपण शिकलेलं होतं.

शेलखोरीची दोन वर्षं रेषेखाली गेली होती. तिसरा वैशाख निम्मा सरला होता.

आणि जयमालाला या गावाचं जे कळलेलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

इथला काळा खडक थरांनी बनलेला. लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. दोन थरांच्या मध्ये तांबड्या, भाजल्या मातीची एक पोळी असते. पाऊस मुरूम भिजवत खाली येतो आणि त्या पोळीवर थांबतो, कढईच्या बुडावर थांबावा तसा. विहिरींचं पाणी ते हेच. पण मागच्या पिढीनं पाण्यामागे धावत हजार हजार फूट बोअर मारले आणि प्रत्येक बोअरनं ती तांबडी पोळी भोसकली. कढई चाळणी झाली. वरचं पाणी त्या भोकांतनं खाली, आणि खालच्या फटींतनं घाटाच्या पायथ्याला, कुठल्या कुठे. बोअरांची तोंडं बुजवली तरी आतली भोकं राहिलीच, आणि ती कुठं कुठं आहेत हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

गावानं चार वर्षं चर खणले, बांध घातले, ऊस सोडला, ज्वारी धरली. जे शिकवलं ते सगळं केलं. पावसाळ्यानंतर रेघ चढायची, बाया शाळेत गूळ वाटायच्या. पण जयमाला रात्रंदिवस त्याच रेघा बघत होती. दर वर्षी रेघ चढल्यावर आधीपेक्षा लवकर कोसळत होती. साठवलेलं राहतच नव्हतं. गावानं खणलेला प्रत्येक चर त्या भोकांना पाणी पाजत होता.

शाळेच्या अभ्यासात एक धडा होता, उतरत्या रेघेचा. अनेक वर्षांच्या रेघा एकावर एक ठेवून उतार कसा वाचायचा, ते शिकवणारा. तो धडा शिकवला असता तर वर्गातल्या कुठल्याही बाईनं शेलखोरीच्या रेघा ठेवून बघितल्या असत्या. जयमाला दर तुकडीला तो धडा आला की म्हणायची, “हे पुढं बघू.” आणि पुढं बघायची नाही.

तिला वाटायचं, या बाया पहाटे उठून खणायला जातात, गातात, भांडतात, तागडीला हळदीचं बोट लावतात. हे त्यांच्या हातून काढून घेतलं तर त्या उभ्या राहतील कशाच्या जोरावर? पाऊस एखाद्या वर्षी लागोपाठ होईल, भोकं गाळानं बुजतील, काहीतरी होईल. ही वाक्यं ती स्वतःला इतक्या वेळा ऐकवत आली होती की त्यांना आता ताल आला होता.

वजनाच्या आदल्या दिवशी नाईकनवरे साहेबांचा फोन आला. हे जिल्ह्याचे तोलन अधिकारी. माणूस वाईट नव्हता.

“मॅडम, उद्या शेलखोरी ना?”

“हो सर. सकाळी.”

“रेषेवर येईल असं वाटतंय का?”

जयमालानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मीही रेघा बघतो हो,” नाईकनवरे म्हणाले. “पायथ्याच्या गावांचं वजन वाढतंय, तुमचं घटतंय. लपत नाही ते. मी फक्त एवढं विचारतो, गावाला बोललात का? एकदम कळलं की माणसं दगड मारतात. मी खाल्लेत.”

“बोलते.”

“मागच्या वर्षीही हेच म्हणालात.”

“सर, शाळेचं काय?”

“गाव नाही तर शाळा कुणाची? तुम्हाला दुसरीकडे घेऊ. कालव्याच्या वसाहतीत तोलायला काही नसतं, तिथं नळ आपोआप चालू होतात, आपोआप बंद होतात. तुमच्या बायांना तिथं…” ते थांबले. “बघू काहीतरी.”

त्या संध्याकाळी ती छबूबाईच्या दारात गेली. सांगायचंच म्हणून गेली. छबूबाई अंगणात बसून तांदूळ निवडत होती. शेजारी शमा मुलाणी, सगळ्यांत तरुण तोलकरीण, कडेवरच्या पोरीला भरवत होती.

“ये बाई. उद्याची तयारी का?” छबूबाई म्हणाली. “काळजी नको करू. आमी हाव.”

“छबूबाई, उद्या आकडा कसाही आला तरी…”

“येईल की. तुज्या हातचं शिकलोय, वाया जातंय व्हय?”

शमा हसली. “मावशीनं तर नवं लुगडं काढलंय. जसं काय बघायला येणारेत.”

“तुला बगायला आलते तवा तू काय फाटकं नेसली होती का गं?”

दोघी खिदळल्या. जयमालानं तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला, चहा घेतला आणि घरी आली.

सकाळी वजनाच्या दगडापाशी बाया आधीच जमल्या होत्या. हा दगड गावविहिरीपासून चार पावलांवर. विहीर जुनी, खोल, गेल्या मार्गशीर्षापासून कोरडी ठणठणीत. पण आज तिच्या काठाला हळदकुंकू होतं, तिथं एक खण ठेवलेला, पाच खारका, हळकुंड, शेंडीचा नारळ. जयमालानं ते बघितलं आणि तिला बरंच वाटलं. या बाया विहिरीला बाई मानतात, तिची ओटी भरतात, नवी मोट लागली तेव्हा भरायच्या, मोटर बसली तेव्हा भरली, हे तिला ठाऊक होतं.

छबूबाईनं तागडी टेकवली. बुडबुडा मध्ये आणला. शमानं हवेचा दाब वाचला. चंद्र वजा झाला. बाया हलक्या आवाजात गात होत्या, अणू उतरती घरी, आणि नळीतले अणू पडत होते, पुन्हा गोळा होऊन पुन्हा पडत होते.

पडद्यावर आकडा आला. तळरेषेच्या वर.

फार नाही, जरासाच. पण वर. यंत्राच्या हिशेबानं सगळ्या शिवाराखाली हातभर पाणी चढलेलं होतं.

कुणी टाळी वाजवली नाही. बाया जयमालाच्या तोंडाकडे बघत होत्या. तिचे डोळे भरून आले. खरंच भोकं बुजली असतील? वैशाखात? एक थेंब पडलेला नसताना? ती उठली आणि विहिरीच्या काठाशी गेली.

खाली, कधीपासून कोरड्या असलेल्या तळात, आभाळाचा एक तुकडा हलत होता.

काठाचे दगड ओले होते. रहाटाचा दोर ओला होता. मातीत घागरी टेकवल्याच्या गोल खुणा होत्या, एकीत एक, सगळ्या वाटेभर.

“छबूबाई,” ती वळून म्हणाली, “ओटी कशानं भरली?”

“कशानं म्हंजे? खणानाराळानं.”

“आणखी?”

छबूबाईनं पदर सावरला. “बाईला वजनाला बसवायचं, आन् पोट रिकामं? आसं कुटं आस्तंय का? पाहुण्यासमोर रिकामी घागर ठिवत न्हाईत. घरटी एक एक घागर वतली.”

“घागर?”

शमाची पोरगी रडायला लागली तशी शमानं तिला छातीशी घेतलं, पण पोरगी तोंड फिरवून पाणी मागत राहिली.

जयमाला गावात शिरली. पहिल्या घराच्या पडवीतला ड्रम आडवा पडलेला होता. दुसऱ्या घरचाही. तिसऱ्या घरी सिमेंटची टाकी होती, तिच्या तळाशी ओल होती आणि त्या ओलीवर एक चिमणी पंख घासत होती. सगळ्या आळीत हेच. परवाच्या टँकरचं, प्यायचं, धुण्याभांड्याचं, ढोरांचं, गावात होतं नव्हतं ते सगळं पाणी या बायांनी विहिरीत ओतलेलं होतं. जीपचं वजन धरणाऱ्या यंत्रानं एका गावाच्या पिण्याच्या पाण्याचं वजन धरलं होतं, आणि ते सगळ्या शिवारभर पसरून मोजलं होतं. पुढचा टँकर यायला अजून दोन दिवस होते.

ती परत आली तेव्हा बाया तशाच बसल्या होत्या, लग्नघरात रुसवा झाल्यावर बसतात तशा.

“पाणी काढा,” ती म्हणाली. “आत्ता. जेवढं निघेल तेवढं. लेकरांना काय पाजणार?”

“वजन झालं का पुरं?” छबूबाईनं विचारलं. “आंगठा टेकवलास?”

“आधी पाणी काढा.”

रहाट कुरकुरला. पहिल्या काही घागरी भरून आल्या. मग अर्ध्या. मग घागर तळाला आपटल्याचा आवाज आला, आणि वर आला तो चिखल. बाया वाकून बघू लागल्या. पाणी उपशाहून वेगानं उतरत होतं. तळात आभाळाचा तुकडा होता तो आक्रसत आक्रसत परातीएवढा झाला, मग वाटीएवढा, आणि दुपार कलायच्या आत विहिरीनं तोही गिळला. दगडांतनं कुठंतरी बारीक सूर येत होता, कुणीतरी दात लावून पाणी ओढावं तसा. चार वर्षं जे जमिनीखाली होत होतं ते आज त्यांनी डोळ्यांनी बघितलं.

शमा कठड्याला टेकून खाली बसली. “हे असं हाय व्हय,” ती पुटपुटली. प्रश्न नव्हता तो.

नियमानं वजनाच्या दिवशी दुसरी मोजणी करावी लागते, सकाळची खरी होती का ते पडताळायला. दिवस माळापलीकडे झुकला तसं छबूबाईनं न सांगता तागडी उचलली आणि दगडावर ठेवली. या वेळी कुणी गायलं नाही. आकडा आला. रेषेच्या पुष्कळ खाली.

मिळालेल्या घागरी लेकरांच्या घरी गेल्या होत्या. बाकीच्या बाया एकेक करून उठून गेल्या. दगडापाशी तिघी उरल्या, जयमाला, छबूबाई, आणि झोपलेल्या पोरीला मांडीवर घेऊन शमा.

जयमालानं पडदा पुढ्यात ओढला. त्यावर दोन आकडे होते, सकाळचा आणि आत्ताचा, आणि खाली अंगठ्याची जागा. मग तिनं संध्याकाळच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तो खोडला. ‘मोजणीत व्यत्यय’ असं कारण निवडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक वजन खोडलं होतं, आणि ते इतक्या सहज जमलं, याचंच तिला नवल वाटलं.

“सकाळचा पाठवते,” ती म्हणाली. “टँकर चालू राहील. गाव राहील आणखी वर्षभर तरी. वर्षात काहीही होऊ शकतं. आपण भोकं शोधू. मी दुसरं यंत्र मागवते, जमिनीत बघणारं. पुन्हा चर खणू, वरच्या अंगाला…”

ती बोलत राहिली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता, मोकळा आणि खोटा. छबूबाई ऐकत होती. तिच्या नव्या लुगड्याचा काठ चिखलानं माखला होता आणि ती तो नखानं खरवडत होती.

“आन् ते समदं पाणी?” छबूबाईनं विचारलं. “आज गेलं ते?”

“टँकर लवकर बोलावते. साहेबांना सांगते काहीतरी.”

“आन् पुढल्या वैशाखाला? पुन्ना वतायचं?”

जयमालानं अंगठा पडद्याकडे नेला. छबूबाईनं तिचं मनगट धरलं. जोरात नाही, लेकराला चुलीपासून मागं घ्यावं तसं.

“थांब.”

“सोडा, छबूबाई. हे गावासाठी आहे.”

“गावासाठी न्हाई वतलं आमी.”

शमानं मान खाली घातली. “मावशी, राहू दे,” ती म्हणाली.

“आता कशाचं राहू दे? बघितलं की तिनं बी, आपून बी.” छबूबाई जयमालाकडे वळली. मनगट अजून तिच्या मुठीतच होतं. “तू त्यो धडा गाळतीस, आमाला कळत न्हवतं का? शमानं घरी बसून लावल्या रेघा एकावर एक. दोन सालं झाली त्याला. घरात घरात त्येच बोलणं. हिच्या मालकानं तिकडं खोली बगून ठिवली. माजं पोरगं तर रोज म्हणतंय, आई चल.”

जयमालानं पडद्यावरनं नजर उचलली. “मग… सकाळी… पाणी कशाला ओतलं?”

“तुजा निकाल खराब लागू ने म्हून.” छबूबाई हे अगदी साधं बोलली, भाकरी झाली असं सांगावं तसं. “तू आपली रोज सकाळी यायची, फळा पुसायची, आमच्यासंगं खणायला वाकायची. ना तुजं सासर हितं, ना माहेर. म्हटलं, हिचं एवढंच हाय. आपून उठून गेलो तर ही पोर जगंल कशावर? म्हून खणत राह्यलो. म्हून गात बी राह्यलो. एक साल म्हटलं, मग अजून एक साल.”

वर माळावर कुणाची तरी शेळी ओरडत होती, पाण्यासाठीच असावी. शमा मांडीवरच्या पोरीच्या सुकलेल्या ओठांवरनं ओलं फडकं फिरवत होती. तिनं वर बघितलं नाही.

छबूबाईनं जयमालाचं मनगट सोडलं, आणि तोच हात तिच्या केसांवरनं एकदा फिरवला.

“थकलो गं आमी,” ती म्हणाली. “आमाला जायचंय, पोरी. कधीचंच जायचंय.”